‘चुकलंय’ म्हणणं आणि ‘असं करायला हवं होतं’ म्हणणं

कुणी टीका केली की ठरलेलं उत्तर येतं: "आधी स्वतः करून दाखवा, मग बोला." मला या उत्तराचा मनस्वी कंटाळा आहे. ॲरिस्टॉटलने ते केव्हाच मोडीत काढलंय: घर कसं झालंय हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, आणि जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. करता येणं वेगळं, पारखता येणं वेगळं. हे बहुतेकांना पटतं, तेव्हा पुढे जाऊ.

घोळ होतो तो पारखण्याच्या आतच. ‘हे जमलेलं नाही’ आणि ‘हे अमुक कारणाने जमलं नाही, तमुक करा’ ही दोन वेगवेगळी विधानं आहेत. पहिल्याला निकाल नीट तपासता आला की पुरे. दुसऱ्याला आतली यंत्रणा कळावी लागते. लोक पहिल्याच्या जोरावर दुसरं बोलून टाकतात, आणि ऐकणारे दुसऱ्याचा राग पहिल्यावर काढतात.

एमिली रोझाचं उदाहरण घ्या. रुग्णाला स्पर्श न करताच त्याच्या शरीराभोवतीची ऊर्जा हातांना जाणवते, असं सांगणारे 21 उपचारक तिने तपासले. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. मध्ये पडदा, उपचारकाने त्यातून दोन्ही हात पुढे करायचे, नाणं उडवून एमिली त्यातल्या एका हाताच्या वर, न टेकवता, आपला हात धरणार, कोणत्या, ते उपचारकाने सांगायचं. नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर यावीत. आली 280 पैकी 123, म्हणजे 44 टक्के. 1998 साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. तिला ती उपचारपद्धती येत नव्हती, यायची गरजही नव्हती. चाचणीत लबाडीला वाव राहू नये, एवढं तिला कळत होतं. रुग्णाला मग बरं का वाटतं, हे सांगायला मात्र ही चाचणी पुरली नसती.

आता उलटं टोक. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1950च्या दशकात म्हणाला की धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग एकत्र आढळतात, एवढ्यावरून एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध होत नाही. आक्षेप रास्त होता आणि त्याच्या प्रांतातला होता. पण मग त्याने त्या फटीत स्वतःचं उत्तर कोंबलं: विडीकाडीची ओढ आणि कर्करोग या दोन्हींच्या मुळाशी जनुकं असावीत. (स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू कंपन्यांचा सल्लागारही होता, ते असो.) आनुवंशिकी हाही त्याचाच विषय, तरी ते स्पष्टीकरण टिकलं नाही.

म्हणून माझा शिरस्ता असा. ॲप वापरणारा म्हणाला, "पैसे गेले की नाही हेच कळत नाही," तर त्याला प्रोग्रॅमिंग येतं का, हे विचारायचं नाही, मुकाट ऐकायचं. तोच पुढे म्हणाला, "सर्व्हर बदला," तर कशावरून म्हणतोस, हे जरूर विचारायचं. आणि हाच प्रश्न वीस वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही विचारायचा.