चिखल झाला म्हणजे पर्माफ्रॉस्ट वितळला असं नाही

उन्हाळा आला की बातमी ठरलेली: ‘अलास्कात पर्माफ्रॉस्ट अर्धा मीटर वितळला.’ सोबत चिखलात बूट रुतलेल्या संशोधकाचा फोटो. अहो, तो चिखल पर्माफ्रॉस्टचा, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीचा, नाही! तो त्याच्या वरचा सक्रिय थर. दर उन्हाळ्यात मऊ पडायचं आणि हिवाळ्यात पुन्हा गोठायचं, हेच त्याचं काम.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग किमान दोन वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या प्रुडो बेजवळ तो सहाशे मीटरहून जाड आहे. तिथून दक्षिणेला टूलिक लेकपाशी सक्रिय थर मात्र जेमतेम अर्धा मीटर. (आणि ‘जमीन वितळली’ लिहू नका. फ्रीजरमधले मटार बाहेर काढले तर बर्फ वितळतो, मटार नाही.)

खरी गोची सक्रिय थराची खोली मोजण्यात आहे. टूलिकला एक चौरस किलोमीटरच्या चौकोनात दर १०० मीटरवर एक, असे १२१ बिंदू आखलेले आहेत. ऊब खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून मोजणी ऑगस्टच्या मध्यानंतर. जुलैचा आकडा त्याच्याशेजारी मांडणं म्हणजे शुद्ध फसवणूक. खुणा केलेली पोलादी सळई शेवाळातून दाबायची. दगड लागला तर खणकन वाजते, मग जरा सरकून पुन्हा. गोठलेली माती लागली की नुसती ठप्प.

समजा, दहा वर्षांपूर्वी सळई ५० सेंटिमीटरवर अडली आणि आजही तिथेच अडते. म्हणजे सगळं ठीक? इथे भलेभले फसतात. सळई पृष्ठभागापासून मोजते, आणि पृष्ठभागच खचलेला असू शकतो. पर्माफ्रॉस्टच्या माथ्याशी बऱ्याचदा निव्वळ बर्फ असतो. त्यातला दहा सेंटिमीटर वितळून पाणी निघून गेलं, की वरची जमीनही दहा सेंटिमीटर खाली बसते. पर्माफ्रॉस्ट झिजला, सळईवरचा आकडा मात्र ५० चा ५०! म्हणून जमिनीची उंचीही जीपीएसने मोजावी लागते. नुसत्या सळईवर काढलेला ‘बदल नाही’ हा निष्कर्ष मी तरी मानत नाही.

उलट, एका कडक उन्हाळ्यात सळई ६० पर्यंत गेली म्हणून लगेच बोंबही मारू नये. पुढचे उन्हाळे थंड गेले तर ती पुन्हा ५० वर येते. हिवाळा सरत आला तरी वरची गोठलेली माती आणि खालचा पर्माफ्रॉस्ट यांच्या मधला पट्टा गोठलाच नाही, त्याला टालिक म्हणतात, तेव्हा मात्र मथळा खुशाल मोठ्या टायपात छापा.