वाय-फायवर हरवलेली हाक

“काल दिसत होता, आज दुसरा कॉम्प्युटर दिसतच नाही.” शेअर केलेल्या फोल्डरबद्दल ही तक्रार नेहमी कानावर येते. नेटवर्कच्या यादीत नाव नाही म्हणजे जोडणीच तुटली, असं बहुतेकजण धरून चालतात. पण यादीत दिसणं वेगळं आणि फोल्डर उघडणं वेगळं. दोन्हींच्या वाटाच निराळ्या आहेत.

यादी हाकेवर बनते. आजच्या विंडोजमधला कॉम्प्युटर २३९.२५५.२५५.२५० या सामूहिक पत्त्यावर विचारतो, “इथे कोण कोण आहे?” ज्यांना ऐकू येतं ते उत्तर देतात. तारेच्या जोडणीत ही हाक सहसा हरवत नाही. हवेत मात्र हरवते, आणि त्याचं कारण मला वाय-फायमधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हवेत दोघे एकदम बोलले की संदेश बिघडतो. बोलणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याचा स्वतःचाच आवाज त्याच्यापाशी सर्वांत मोठा असतो. म्हणून नियम असा, की ज्याला संदेश मिळाला त्याने लगेच पोच द्यायची. पोच आली नाही तर संदेश पुन्हा पाठवायचा. पण हाक सगळ्यांनाच मारली असेल, तर पोच कोणी द्यायची? सगळ्यांनी दिली तर नुसता गोंगाट होईल. म्हणून सामूहिक संदेशाला पोच नाही, आणि पोच नाही म्हणून दुसरा प्रयत्नही नाही. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत हाक पोचेसह जाते. राउटर तीच हाक सर्वांना ऐकवतो, तेव्हा ती एकदाच उच्चारली जाते. त्यात बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉपचा रेडिओ अधूनमधून झोपतो. राउटरचा संकेत साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो आणि सामूहिक संदेश त्यातल्या ठरावीक संकेतांनंतरच सुटतात. तेवढ्यात जाग आली नाही, की हाक गेली.

फोल्डर उघडताना मात्र ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका ठरावीक दारावर, दोघांतच बोलणं होतं, पोच घेत घेत. म्हणून यादी विसरा. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) देऊन समोरच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, थेट टाका. उघडलं, तर फक्त हाक हरवली होती. पासवर्ड मागितला, तरी आनंद माना, कारण तुम्ही दारापर्यंत पोहोचलात; तिथे पिन चालत नाही, समोरच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. काहीच झालं नाही, तर समोरच्या कॉम्प्युटरवर नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवलंय का ते पाहा आणि ते ‘प्रायव्हेट’ करा. दोघांपैकी एखादा ‘गेस्ट’ वाय-फायवर असेल, तर इंटरनेट दोघांनाही मिळेल, पण राउटर सहसा त्यांना एकमेकांशी बोलू देणार नाही.

फायरवॉल बंद करा, एसएमबीची (फोल्डर शेअर करताना विंडोज जी भाषा बोलतं तिची) जुनी पहिली आवृत्ती चालू करा, असले तोडगे सर्रास सुचवले जातात. कृपा करून ते करू नका. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच आवृत्तीतल्या दोषातून, याच ४४५ पोर्टवरून, कोणी काही न उघडताही एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पोहोचला.

राउटर देतो तो पत्ता पुढेमागे बदलू शकतो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी एक पत्ता राखून ठेवा आणि त्याच पत्त्याने फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडा. मग यादीत नाव येवो न येवो, फोल्डर उघडेल.