हर-टू आणि ब्रॅका : एकाच ‘पॉझिटिव्ह’चे दोन अर्थ

औसा तालुक्यातून लातूरला तपासणीसाठी आलेल्या एका मावशींच्या अहवालावर ‘हर-टू पॉझिटिव्ह, ३+’ एवढेच लिहिलेले होते; ते वाचताच सोबतच्या लेकीने विचारले, “म्हणजे हे मला आन् माझ्या पोरीलाबी होणार का?” तिने ऐकले होते ते ज्याचा बिघाड वारशाने येतो त्या ब्रॅका जनुकाविषयी, आणि हातातला अहवाल होता हर-टूचा.

गोंधळ समजण्यासारखा आहे. हर-टू आणि ब्रॅका-१ ही दोन्ही जनुके सतराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहेत, दोन्हींचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी येतो आणि दोन्हींपुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहितात.

हर-टू हे संदेशवहनाचे जनुक आहे. त्याचे प्रथिन पेशीच्या आवरणात आरपार बसलेले असते. वाढीचा संदेश आला की या कुळातली ग्राही (संदेश झेलणारी) प्रथिने जोडीने एकत्र येतात, एकमेकांच्या आतल्या टोकावर फॉस्फेट चढवतात आणि तिथून ‘विभाजन कर’ हा निरोप टप्प्याटप्प्याने केंद्रकापर्यंत पोहोचतो. हर-टूला बांधणारा बाहेरचा संदेशरेणू सापडलेलाच नाही. ते जोडीसाठी कायम तयार असते, विशेषतः त्याच कुळातल्या हर-थ्रीशी. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, पण स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत प्रथिनाचे प्रमाण अतोनात वाढते, बहुतेकदा या प्रतीच कित्येक पटींनी वाढल्यामुळे. मग आवरणावर ग्राहींची दाटी होऊन ती निरोपाविनाच एकमेकांना चेतवू लागतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा, तसा हा प्रकार. बिघाड गाठीतल्या पेशींतच झालेला असतो, म्हणून तपासणीही गाठीच्या तुकड्यावरच होते. रंगाच्या तपासणीत प्रथिनाचे प्रमाण ० ते ३+ असे मोजतात; २+ आले तर निकाल अडतो आणि फिश तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली जनुकाच्या प्रतींचे चमकते ठिपके मोजावे लागतात. मावशींच्या ३+ ला त्याची गरज नव्हती. प्रतींची ही वाढ आणि रोगाची आक्रमकता यांचा संबंध अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ डेनिस स्लेमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवला, आणि हर-टूवरच बसणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एकेकाळी धास्तीचा असलेला हा शेरा आता नेमक्या औषधाचा पत्ता सांगतो.

ब्रॅका-१ निरोप पोहोचवत नाही, दुरुस्ती करते. पैठणीचा तुटलेला धागा विणकर शेजारचा तसाच नक्षीचा भाग पाहून जोडतो, त्याप्रमाणे डीएनएचे दोन्ही धागे तुटले असता जुळी प्रत समोर ठेवून ते सांधण्याच्या कामात या जनुकाचे प्रथिन असते. इथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे जनुक वाढलेले नसून त्याची एक प्रत बिघडलेली. ती प्रत आईकडून येते तशीच वडिलांकडूनही येऊ शकते आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. तपासणी सहसा रक्ताची. शिवाय ब्रॅका-१ मुळे होणाऱ्या गाठी बहुतेकदा हर-टू निगेटिव्हच असतात.

तेव्हा मावशींचा ३+ लेकीकडे वारशाने जाणार नव्हता. तरी डॉक्टरांनी फाईल मिटण्याआधी एक प्रश्न विचारलाच : “आजोळी किंवा वडिलांकडे कुणाला कमी वयात स्तनाचा, नाहीतर अंडाशयाचा कर्करोग झाला होता का?”