कुलूप काढलं, भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला

रेडिएशन विभागातला दिवस पहिला रुग्ण येण्याआधीच सुरू होतो. खारघरचं टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाचं अ‍ॅक्ट्रेक असो की ठाण्यातलं एखादं खासगी रुग्णालय, सकाळी आधी लिनॅक म्हणजे कॅन्सरवर किरणोपचार देणाऱ्या मशीनखाली मोजणीचं उपकरण ठेवलं जातं. मग खोलीबाहेर येऊन बीम म्हणजे किरणांचा झोत चालू करायचा आणि आकडा बघायचा. साधारण ३ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कारण सापडेपर्यंत रुग्ण घ्यायचा नाही. त्यानंतर बीम चालू असताना मुद्दाम दार उघडून पाहतात. बीम त्याच क्षणी तुटलाच पाहिजे. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, आज उशीर होतोय.

दाराचं ते इंटरलॉक, म्हणजे बीम तोडणारं कुलूप, सॉफ्टवेअरच्या परवानगीची वाट बघत नाही. पडद्यावर काहीही दिसत असो, दार उघडलं की बीम बंद. असं स्वतंत्र कुलूप काढून टाकलं तर काय होतं, याची किंमत १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांनी मोजली.

थेरॅक-२५ हे कॅनडाच्या अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीचं किरणोपचाराचं मशीन. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी ११ मशीन बसवली होती. एकाच मशीनमधून इलेक्ट्रॉनचा सौम्य झोतही देता यायचा आणि एक्स-रेही. एक्स-रेसाठी इलेक्ट्रॉनचा प्रवाह सुमारे शंभर पट वाढवावा लागतो आणि त्या झोताच्या वाटेत धातूचं टार्गेट असावंच लागतं. टार्गेट वाटेत आणणं, बाजूला करणं हे काम एका फिरत्या चकतीचं. प्रवाह एक्स-रेचा आणि चकती इलेक्ट्रॉनच्या जागी, असं कधीही होता कामा नये. आधीच्या थेरॅक-२० मॉडेलमध्ये यासाठी वेगळी संरक्षक सर्किटं होती. थेरॅक-२५ मध्ये ती काढली आणि जबाबदारी सॉफ्टवेअरवर सोपवली. १९८३ मध्ये कंपनीने या मशीनच्या धोक्यांचं विश्लेषण केलं, तेव्हा प्रोग्रॅममधल्या चुका हिशेबात धरल्याच नाहीत. सॉफ्टवेअर झिजत नाही, म्हणून ते बिघडणार नाही, असा तो विचार. खरी गोष्ट अशी की सॉफ्टवेअरमधली चूक पहिल्या दिवसापासून आतच असते. तिला फक्त योग्य परिस्थिती मिळायची बाकी असते.

ती परिस्थिती मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी जुळून आली. रोज हेच काम करणाऱ्या, टायपिंगचा हात बसलेल्या ऑपरेटरने इलेक्ट्रॉनच्या ‘ई’ऐवजी एक्स-रेचा ‘एक्स’ दाबला. चूक लगेच लक्षात आली. वर जाणारा बाण दाबून तिने अक्षर बदललं, बाकीच्या रकान्यांवरून भराभर एंटर मारत खाली आली आणि बीम चालू केला. पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. आतमध्ये मात्र चुंबकांची जुळणी चालू होती. त्या जुळणीला सुमारे ८ सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळायची, दुसऱ्याला कळायचीच नाही. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं. मात्रा कमी गेली असं मशीन दाखवत होतं, म्हणून तिने पुढे चालू ठेवण्याचं बटण दाबलं. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता, इंटरकॉमही बंद होता. रुग्णाला मिळायला हवे होते १८० रॅड (किरणांची मात्रा मोजण्याचं जुनं एकक). नंतरच्या अंदाजानुसार शरीराच्या एका छोट्याशा भागावर १६,५०० ते २५,००० रॅड गेले. काही महिन्यांनी तो दगावला.

कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांना काहीच सापडलं नाही. विजेचा धक्का बसला असेल, अशी शंका पुढे आली. मशीन पुन्हा सुरू झालं आणि एप्रिलमध्ये, तिथेच, त्याच ऑपरेटरसमोर ‘मालफंक्शन ५४’ पुन्हा उमटलं. तो रुग्णही वाचला नाही. मग रुग्णालयाचा फिजिसिस्ट आणि ती ऑपरेटर मशीनसमोर बसले आणि तोच क्रम परत परत टाइप करत राहिले, शेवटी चूक हवी तेव्हा घडवून आणता येईपर्यंत. गुपित वेगात होतं. कंपनीच्या माणसांना ती चूक सापडत नव्हती, कारण ते सावकाश टाइप करत होते.

या प्रकरणातली प्रोग्रॅमची चूक मी समजू शकतो. चूक कोणाकडूनही होते. कंपनीचं वागणं मात्र मला आजही क्षम्य वाटत नाही. पहिल्या रुग्णाच्या वेळी उत्तर मिळालं की असं होणं शक्यच नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या अपघातानंतर एका मायक्रोस्विचवर संशय घेतला, पुरावा नसताना, आणि दुरुस्तीनंतर सुरक्षितता किमान एक लाख पटीने वाढल्याचं कळवलं. अमेरिकेतल्या याकिमाच्या रुग्णालयाने तिथला रुग्ण भाजल्यावर विचारलं, तर असा प्रकार दुसरीकडे कुठेच घडलेला नाही, असं लिहून दिलं. तोवर दोन ठिकाणी घडला होता. टायलरनंतरचा तातडीचा उपाय तर वाचणंही जड जातं: वर जाणाऱ्या बाणाच्या कळीची टोपी काढा आणि खाली इन्सुलेशन टेप लावा!

जानेवारी १९८७ मध्ये याकिमालाच आणखी एक रुग्ण भाजला, तोही पुढे दगावला. या वेळी चूक वेगळीच होती. प्रोग्रॅममधला एक आकडा प्रत्येक फेरीत एकाने वाढायचा, आणि तो शून्य नसेल तरच चकतीची जागा तपासली जायची. त्याला जागा होती एका बाइटची, म्हणजे ० ते २५५. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर शून्यावर यावा तसा हा आकडा दर २५६ व्या फेरीला शून्य व्हायचा. नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने ‘सेट’ दाबलं आणि तपासणी वगळली गेली.

शिकागोच्या एका फिजिसिस्टच्या लक्षात आलं होतं की विद्यार्थी थेरॅक-२० वर काहीबाही टाइप करतात तेव्हा फ्यूज उडतात. शोध घेतल्यावर कळलं, टायलरची चूक त्या जुन्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्येही होती. इतकी वर्षं तिथे फक्त फ्यूज उडत होते. माणसं वाचली ती त्या सर्किटांमुळे.

हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं, असं म्हणून सोडून देता येत नाही. आयसीयूत खाटेशेजारी असतो तो शिरेतून मोजून औषध सोडणारा इन्फ्युजन पंप घ्या. २००५ ते २००९ या पाच वर्षांत अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेकडे अशा पंपांबद्दल सुमारे ५६,००० तक्रारी आल्या आणि ८७ वेळा पंप परत बोलवावे लागले. एका दोषाचं नाव ‘की बाउन्स’: कळ एकदाच दाबली, पंपाने दोनदा धरली. १० चे १०० व्हायला एक जादा शून्य पुरतं. २०२४ मध्ये टँडम कंपनीच्या इन्सुलिन पंपाचं आयफोन अ‍ॅप पुन्हा पुन्हा बंद पडून आपोआप सुरू होत होतं आणि त्या खटाटोपात पंपाचीच बॅटरी उतरत होती. अ‍ॅप फोनमध्ये, त्रास शरीरात.

आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेले. २०२० च्या अधिसूचनेने उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आलं. धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत. सॉफ्टवेअर कसं लिहावं, तपासावं, बदलावं यासाठी आयईसी ६२३०४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत बसून वैद्यकीय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलामुलींना हा क्रमांक पाठ असायला हवा. आणि ‘आमच्याकडे तो एरर येत नाही’ असं उत्तर टाइप करण्याआधी त्यांनी विचारायला हवं की तक्रार करणाऱ्याने नेमक्या कोणत्या कळा, किती वेगाने दाबल्या.

तक्रार करणं हे आपलंही काम आहे. भारतात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा, कार्यक्रम चालतो, त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे आहे. डॉक्टर, नर्स, बायोमेडिकल इंजिनिअर यांच्याइतकाच रुग्णालाही तिथे कळवण्याचा हक्क आहे. ‘मशीनने गडबड केली’ एवढं लिहून भागत नाही. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा आणि त्याआधी काय काय दाबलं ते, असं सगळं लागतं. शक्य असेल तर पडद्याचा फोटो काढून ठेवावा, कारण मशीन बंद करून चालू केलं की तो संदेश जाऊ शकतो.