फ्लोरा फाउंटन म्हणजे हुतात्मा स्मारक नव्हे

‘फ्लोरा फाउंटनचं नाव बदलून हुतात्मा चौक केलं,’ हे वाक्य मुंबईत इतक्या वेळा ऐकलंय की मशालवाल्या शेतकरी-कामगार पुतळ्यालाच फाउंटन समजणारेही भेटतात. नाव बदललं ते चौकाचं. कारंजं आजही फ्लोराचंच आहे, आणि ते पाडून स्मारक उभारलं असंही घडलेलं नाही. दोन्ही एकाच चौकात, हाकेच्या अंतरावर आहेत.

कारंजं १८६४ चं. पोर्टलंडच्या दगडातलं, माथ्यावर फुलांची रोमन देवता फ्लोरा. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, मूर्तिकाम जेम्स फोरसाइथ यांचं. म्हणजे फ्लोरा ही कुणा गोऱ्या साहेबाची मॅडम नव्हे! साहेबाचं नाव लागायचं राहिलं हे मात्र खरं: गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव कारंज्याला द्यायचं आधी ठरलं होतं. जागा किल्ल्याच्या चर्चगेट या दरवाजाची; रेल्वे स्टेशनानं ते नाव पुढे चालवलं.

स्मारकाची गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांनंतरची. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी याच परिसरात जमलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्या लढ्यातल्या हुतात्म्यांसाठी चौकाला नवं नाव मिळालं, स्मारकही उभं राहिलं.

कारंज्याची डागडुजी होऊन २०१९ मध्ये पाणी पुन्हा सुरू झालं. त्या कामात जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळही सापडले. आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘फाउंटन’ म्हणा, तो बरोबर तिथंच सोडतो.