घाम टपकला की वाया गेला

बाकावर बसलेला करीम अब्दुल-जब्बार तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून धापा टाकतोय. 8 जून 1984, बोस्टन गार्डन. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेत बोस्टन सेल्टिक्स आणि करीमचा संघ लॉस एंजेलिस लेकर्स 2-2 अशा बरोबरीत आहेत, आणि चारपैकी दोन सामने तर जादा वेळेत गेलेत. 1928 साली उघडलेल्या या सभागृहात एसी नाही. आत सुमारे 36 अंश सेल्सिअस आणि जवळपास 15 हजार प्रेक्षक. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण 100 वॉट उष्णता सोडतो. म्हणजे नुसत्या खुर्च्यांमधून 15 लाख वॉट! वर प्रत्येकाच्या श्वासातली, घामातली वाफ.

ही वाफच जास्त नडते. धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतली साधारण पाऊण ऊर्जा उष्णता होते. एरवी ती कातडीतून थंड हवेत जाते. पण हवाच कातडीइतकी तापली की ती वाट बंद. मग उरतो घाम, म्हणजे आपल्या माठाचंच तंत्र. एक लिटर घाम वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर! दमट हवेत तो वाळत नाही, हनुवटीवरून टपटपतो. जमिनीवर पडलेल्या थेंबाने शरीर जवळजवळ गार होतच नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता तिथेच.

इकडे रक्ताची ओढाताण सुरू होते. स्नायूंना ते हवं असतं प्राणवायूसाठी, कातडीला हवं असतं उष्णता बाहेर टाकायला. आणि घाम गेल्याने ते मुळातच कमी झालेलं. हृदय ठोके वाढवून दोघांना पुरवू बघतं. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांकडे सरकलं की मेंदूही हात आखडता घेतो, पाय जड होतात.

म्हणून मला तो मास्क नेहमी चुकीच्या दुखण्यावरचं औषध वाटतो. समुद्रसपाटीवर निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं. त्यात आणखी कितीसा भरणार? बर्फाचे टॉवेल जास्त कामाला आले असते. त्यात अब्दुल-जब्बार 37 वर्षांचा, उंची 2.18 मीटर. शरीर मोठं तसं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ कमी, म्हणजे गार व्हायला जागा कमी. त्या रात्री त्याने 25 पैकी 7 फेक साधले.

त्याच भट्टीत सेल्टिक्सच्या लॅरी बर्डने 20 पैकी 15 साधले, 34 गुण केले. गावाकडे उन्हाळाभर आपण असंच खेळतो, असं त्याचं म्हणणं. गाव इंडियानातलं फ्रेंच लिक. उन्हात दीड-दोन आठवडे सराव केला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ घटतं, हे खरंच. पण सराव सुटला की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. एनबीएचा हंगाम तर हिवाळाभर चालतो. तेव्हा बर्डच्या बोलण्यात शरीरशास्त्र थोडं आणि प्रतिस्पर्ध्याला डिवचणं जास्त, असा माझा कयास.

सेल्टिक्सने तो सामना 121-103 असा जिंकला आणि पुढे मालिका 4-3 ने. खेळाडूंना निदान बाकावर बसता येत होतं. पंच ह्यू इव्हान्स मात्र शिट्टी घेऊन सतत धावत होते. शरीरातलं पाणी इतकं घटलं, की उत्तरार्धात त्यांच्या जागी दुसरे पंच उतरवावे लागले.