टीएलएस चालू केलं म्हणजे कॉल सेफ झाला? नाही ओ

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची कामं करणाऱ्यांकडनं मी हे कायम ऐकतोय, की सिपचं (कॉल जोडायच्या प्रोटोकॉलचं) ट्रान्सपोर्ट टीएलएस (नेटवर्कवरनं जाणारा डेटा एन्क्रिप्ट करायची पद्धत) केलं की अख्खा कॉल एन्क्रिप्ट झाला, म्हणजे मधल्या कुणाला वाचता-ऐकता येत नाही. तसं नसतंय. टीएलएस फक्त सिग्नलिंग झाकतं, म्हणजे कोण कुणाला कॉल लावतोय, कुठला कोडेक (आवाज-चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत) वापरायचा, हे सगळं, जे बहुतेक करून पोर्ट ५०६१ वरनं जातं. आवाज आणि चित्र मात्र वेगळ्या वाटेनं, आरटीपी नावाच्या प्रोटोकॉलनं जातात आणि त्यांना एसआरटीपी, म्हणजे आरटीपीचंच एन्क्रिप्टेड रूप, लागतंय, त्याचं सेटिंग वेगळं.

त्या एसआरटीपीच्या सेटिंगला ऑटो ठेवलं आणि समोरच्या सिस्टीमला एन्क्रिप्शन जमत नसलं तर कॉल उघडाच लागू शकतो, कळतपण नाही, म्हणून मीटिंग महत्त्वाची असली की सक्तीचंच करा, कॉल नाही लागला तर नाही लागला.

आता उलटं बघा, एसआरटीपी चालू पण सिग्नलिंग पोर्ट ५०६० वर साधंच, टीएलएसशिवाय. एसआरटीपीची किल्ली (एन्क्रिप्शन उघडायचा कोड) समोरच्याला पाठवायची एसडीईएस म्हणून पद्धत आहे, तिच्यात ही किल्ली सिग्नलिंगच्या मेसेजमधनंच जाते, म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगली की! दोन्ही पाहिजेतच.

सिपऐवजी एच.३२३ (कॉल जोडायचा दुसरा प्रोटोकॉल) वापरत असाल तर तिथं एच.२३५ (त्याचा सिक्युरिटीचा भाग) बघायचं.